आपल्याच समुद्रात फिरायला परवाना: कार्ताझ नावाच्या कागदाची गोष्ट

२०२४ च्या जानेवारीत नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांच्या बोलण्यात अचानक तांबडा समुद्र आला. एरवी त्यांच्या तोंडी अवकाळी, भुरी, डाऊनी आणि भाव, एवढंच असतं. पण युरोपचा माल न्हावा-शेवाहून निघून सुएझ कालव्यातून वर जातो, आणि त्या वाटेवर येमेनच्या हुथी बंडखोरांनी २०२३ च्या नोव्हेंबरपासून जहाजांवर हल्ले सुरू केले होते. बड्या जहाज कंपन्यांनी तो रस्ता सोडला. कंटेनर आफ्रिकेला खालून वळसा घालून जाऊ लागले. भाडं चढलं, विमा चढला, आणि नाशवंत माल पंधरवडाभर जास्त पाण्यावर राहू लागला.

नकाशा उघडला तर तो वळसा ओळखीचा निघतो. केप ऑफ गुड होपची ही तीच वाट, जिच्यावरून वास्को द गामा १४९८ मध्ये इकडे आला. ‘भारताकडे येणारा जलमार्ग कोणी शोधला?’ हे आपण एका मार्कासाठी पाठ केलं आणि पुढच्या धड्याकडे गेलो. त्यामागचा अवघड प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. वाट सापडली, ठीक. पण वाट सापडली म्हणून समुद्र कसा काय ताब्यात येतो? आंबोली घाट उतरायची वाट मला उद्या सापडली, तर घाटातल्या प्रत्येक गाडीकडून पैसे घ्यायचा हक्क मला कोण देईल?

पोर्तुगीजांनी तो हक्क स्वतःच स्वतःला दिला आणि एका कागदाच्या जोरावर जवळपास शंभर वर्षं वसूल केला. त्या कागदाचं नाव कार्ताझ. कार्ताझ म्हणजे समुद्रात जहाज घालण्याचा परवाना. अरबीत कागदाला किर्तास म्हणतात, त्यावरून हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला. (आजच्या लिस्बनमध्ये कार्ताझ म्हणजे भिंतीवरचं पोस्टर.) युरोपीय लोक इकडे ‘व्यापाराला आले आणि राज्यकर्ते झाले’, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की मधलं काहीच दिसेनासं होतं. मधलं दिसायला हा कागद बरा.

आधी समुद्र कोणाचा होता?

कोणाचाच नव्हता. गामा यायच्या हजार-दीड हजार वर्षं आधीपासून अरबी समुद्रात व्यापाराची वर्दळ होती. गुजराती वाणी, अरब, इराणी, मलबारचे मापिळे, कोकणी मुसलमान, ज्यू, सगळे होते. हिवाळ्यात ईशान्येचे वारे धरून एडन-जेद्द्याकडे जायचं, आणि पावसाळा ओसरता ओसरता नैऋत्येच्या वाऱ्यावर परत यायचं. इकडून कापड, मिरी, सुंठ, तांदूळ जायचा. तिकडून घोडे, खजूर, पोवळी, आणि हिशेब पुरा करायला सोनं-चांदी यायची.

कर होता, पण तो बंदरावर होता. आठवडी बाजाराचं असतं तसं. बाजारात पथारी टाकली की बाजारपट्टी द्यायची, घरून बाजारापर्यंतच्या वाटेवर कोणी पावतीपुस्तक घेऊन उभं नसतं. आणि एका गावाने पट्टी फार वाढवली तर लोक पुढच्या गावच्या बाजाराला जातात. बंदरांचंही तसंच होतं. कालिकतने डोळे वटारले तर जहाज कण्णूरला लागे.

चाचे होते, मारामाऱ्या होत, एखाद्या सामुद्रधुनीवर दांडगाई करणारे राजेही होऊन गेले होते. पण हा सबंध समुद्र माझा, मला विचारल्याशिवाय त्यात होडी घालायची नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं. पोर्तुगालच्या मानुएल राजाने ते म्हटलं. गामा परत पोचल्यावर १४९९ मध्ये त्याने आपल्या बिरुदावलीत भर घातली: इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा धनी. तेव्हा यांपैकी एका बंदरातही त्याचा साधा किल्ला नव्हता.

गामाच्या पेट्यांत काय होतं

गामाच्या पहिल्या सफरीतल्या एका माणसाने रोजनिशी ठेवली होती. कालिकतच्या राजासाठी (त्याची पदवी सामुद्री, म्हणजे झामोरिन) काढून ठेवलेल्या नजराण्याची यादी तिच्यात आहे. पट्टेदार कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोपडी, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं आणि मधाची दोन पिंपं.

राजाचे अधिकारी तपासायला आले आणि हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून बरं आणतो, म्हणाले. राजाला द्यायचं असेल तर सोनं द्या.

मला वाटतं, पुढच्या दीडशे वर्षांची किल्ली या हसण्यात आहे. इकडच्या बाजारात खपेल असा माल युरोपकडे जवळजवळ नव्हता. आपलं कापड त्यांना हवं, आपली मिरी त्यांना हवी. त्यांची लोकरीची कापडं घेऊन मलबारच्या उकाड्यात करायचं काय? रोख चांदी द्यावी तर तीही तेव्हा बेताची. दक्षिण अमेरिकेतली पोटोसीची चांदीची खाण सापडली १५४५ मध्ये, म्हणजे अजून ४७ वर्षं दूर. इथल्या जहाजांवर फारशी नसलेली आणि त्यांच्याकडे भरपूर असलेली गोष्ट एकच होती: डेकवर जडवलेल्या जड तोफा.

मग त्या तोफांचाच माल करण्यात आला. १५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा आला तो लढाऊ ताफा घेऊन. मक्केहून यात्रेकरू घेऊन येणारं एक मोठं जहाज त्याने अडवलं, लुटलं आणि आतल्या बायाबापड्यांसकट जाळलं. त्याच सफरीत मित्र बंदरांच्या जहाजांना पोर्तुगीजांच्या सहीचे कागद मिळू लागले: हे जहाज आपलं आहे, याला हात लावू नये.

पेठेतला दादा दुकानात येऊन म्हणतो ना, “शेठ, अलीकडे काचा फार फुटतायत, आपण आहोत, काळजी नको.” काचा फोडणारा कोण, हे शेठला माहीत असतं.

कागदावर काय लिहिलेलं असे?

खंभातचा एक व्यापारी कल्पनेत आणा. साल १५५० च्या आसपासचं. त्याला कापडाचे गठ्ठे एडनला पाठवायचे आहेत. जहाज त्याचं, माल त्याचा, वारा देवाचा. तरी आधी पोर्तुगीज अधिकाऱ्याकडून कार्ताझ काढावा लागेल. त्यात जहाजाचं नाव आणि आकार, नाखुद्याचं म्हणजे कप्तानाचं नाव, खलाशी किती, स्वसंरक्षणाला शस्त्रं किती, निघणार कुठून, जाणार कुठे, सगळं नोंदलेलं. मिरी भरायची नाही, कारण मिरीचा मक्ता पोर्तुगालच्या राजाचा. दारूगोळा, लोखंड, जहाजबांधणीचं लाकूड न्यायचं नाही, कारण ते तुर्कांच्या हाती लागलं तर त्यांचं आरमार उभं राहील. तुर्क किंवा पोर्तुगीजांचा दुसरा कोणी शत्रू जहाजावर असता कामा नये.

या कागदाची स्वतःची किंमत अगदी किरकोळ, कारकुनाची लेखणी ओली करण्यापुरती. खरी मेख पुढच्या अटीत होती. जाताना जहाज दीवला न्यायचं, तिथल्या पोर्तुगीज नाक्यावर जकात भरायची. येतानाही पुन्हा दीवलाच यायचं आणि आणलेल्या मालावर जकात भरायची. याल याची खात्री म्हणून आधी तारण ठेवायचं.

समुद्रात गस्त घालणाऱ्या पोर्तुगीजांनी अडवलं आणि कागद नसला, तर जहाज जप्त. माणसं मारली जात किंवा वल्ही मारायला जुंपली जात. कागद असला पण तळाशी मिरीची चार पोती जास्त निघाली, तरी तेच.

आणखी एक तपशील आहे. या कागदावर येशू आणि मेरी यांची चित्रं असत. अकबराच्या घरच्या बायका, त्याची आत्या गुलबदन बेगम त्यांत होती, १५७६ मध्ये हजला निघाल्या तेव्हा बादशहाच्या घराण्यालाही पोर्तुगीजांकडून परवाना मिळवावा लागला. दरबारातल्या एका बड्या मौलवीने तर फतवाच काढला होता की या काळात हज बंधनकारक नाही: खुष्कीच्या वाटेवर शिया इराण, आणि समुद्राने जावं तर मूर्तिपूजेची चित्रं असलेला कागद जवळ बाळगावा लागतो. फत्तेपूर सिक्रीहून अर्ध्या हिंदुस्थानवर हुकूम चालवणाऱ्या माणसाला सुरतेच्या पुढे चालायला लिस्बनचा शिक्का लागत होता.

“पण जकात तर सगळेच राजे घेत होते”

ही शंका रास्त आहे. सामुद्री राजाही जकात घेई, निजामशहा चौलला घेई, आदिलशहा दाभोळला घेई. मग पोर्तुगीजांनी घेतली तर एवढं काय?

फरक असा. बंदरावर जकात भरली की व्यापाऱ्याला बदल्यात काही मिळे: वखार, तराजू, तंटा झाला तर निवाडा, रात्री पहारा. आणि कुठल्या बंदरात जायचं हे तो स्वतः ठरवी. कार्ताझमुळे नेमकं हेच गेलं. ज्या बंदरात त्याला काम नाही तिथे वाट वाकडी करून जायचं, रांग लावायची, पैसे भरायचे आणि मग आपल्या कामाला लागायचं.

म्हणजे मुद्दा रकमेचा कमी आणि वळवण्याचा जास्त होता. होर्मुझहून येणारे घोडे घ्या. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला ते युद्धासाठी हवेतच. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला आणि घोड्यांची जहाजं गोव्यातच उतरतील असं पाहिलं. एका फटक्यात दोन्ही शत्रू गोव्याचे गिऱ्हाईक झाले. १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ, १५३५ मध्ये दीवला किल्ला. नकाशावर बोट ठेवून पाहा, एकही ठिकाण मिरी पिकते म्हणून घेतलेलं नाही. प्रत्येक ठिकाण म्हणजे समुद्राचा चिंचोळा भाग किंवा वाटांचा चौक आहे. जमीन कमी, नाकी जास्त. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या पूर्वेकडच्या राज्याच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा भाग जकातीतून येत होता.

गोव्याची ती प्रसिद्ध श्रीमंती, मोठाले चर्च आणि लिस्बनशी तुलना, यातली बरीच या वळवलेल्या जहाजांनी बांधली. आपल्या बोलीत त्या राजवटीचं बरंच सामान राहिलंय: पगार, चावी, बटाटा, काजू. कार्ताझ हा शब्द मात्र रोजच्या मराठीत टिकला नाही. का, ते सांगता येत नाही, पण मला ते थोडं गमतीचं वाटतं.

“एवढे थोडे लोक, मग आपण गप्प का बसलो?”

सबंध सोळाव्या शतकात मोझांबिकपासून मकावपर्यंत लढण्याजोगे पोर्तुगीज दहा हजारांच्या वर कधी फारसे नव्हते. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त माणसं असतात. मग?

पहिलं म्हणजे, सगळे गप्प बसले नाहीत. अलिबागच्या पुढे रेवदंड्याला गेलात तर कुंडलिकेच्या मुखाशी उभे राहा. अलीकडे रेवदंड्याचा पडका कोट, पलीकडे कोर्लईची टेकडी. मार्च १५०८ मध्ये इथेच, चौलच्या बंदरात, इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीज ताफा गाठला. ताफ्याचा प्रमुख लोरेन्सो हा पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडा याचा मुलगा. पळ काढताना त्याचं जहाज कोळ्यांनी जाळी बांधायला पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकलं. तोफांनी शिकवलेला सगळा शहाणपणा त्या खुंटांपाशी थांबला, आणि लोरेन्सो मारला गेला. आल्मेडाने सूड घेतला. आधी वाटेत दाभोळ जाळलं, मग फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या लढाईत मामलुक आरमार मोडलं. त्यानंतर खोल पाण्यात पोर्तुगीजांना समोरासमोर भिडणारं इकडे बराच काळ कोणी उरलं नाही.

तंत्राचाही भाग होता. आपल्याकडची बरीच जहाजं काथ्याने फळ्या शिवून बांधलेली. ती लवचिक, दुरुस्तीला सोपी आणि माल वाहायला उत्तम, पण जड तोफांचा धक्का सोसायला नव्हेत. आजोबांची बैलगाडी वाईट नव्हती. तिच्यावर रणगाड्याची तोफ बसत नव्हती, इतकंच.

पण तोफांपेक्षा मोठं कारण जमिनीवर होतं. गुजरातचा सुलतान असो, आदिलशहा असो की पुढे मुघल, त्यांचं खरं उत्पन्न शेतसाऱ्याचं. समुद्रावरचं भांडण त्यांना दोन बनियांच्या भांडणासारखं वाटे. समुद्रावरच्या लढाया ही व्यापाऱ्यांची बाब, राजांच्या इभ्रतीशी त्यांचा संबंध नाही, अशा अर्थाचं एक वाक्य गुजरातच्या बहादूरशहाच्या नावावर सांगतात. याच बहादूरशहाने हुमायूनच्या भीतीने १५३४ मध्ये पोर्तुगीजांना वसई दिली (मुंबईची बेटं त्या सौद्यातच गेली), पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधू दिला, आणि १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरला भेटून परतताना झालेल्या झटापटीत दीवच्याच समुद्रात त्याचा अंत झाला.

आणि व्यापाऱ्याचं काय? त्याचा हिशेब मांडून बघू. आकडे मी नुसते समजावायला घेतोय. माल १०० रुपयांचा, एडनला विकून १५० मिळणार. दीवची जकात आणि इतर देणीघेणी मिळून सात रुपये. उलट तोफा, गोलंदाज, शिपाई बाळगायचे तर पंधरा-वीस रुपये आणि शिवाय जिवाचा घोर. तुम्ही काय कराल? बहुतेकांनी सात रुपये दिले. याला कोणी भेकडपणा म्हणेल. मला तो साधा वाणी हिशेब दिसतो. खंडणी घेणाऱ्याचंही गणित हेच असतं: शेठने दुकान बंद करू नये इतपतच मागायचं.

काही काळाने खंडणीला सेवेचं रूपही आलं. मलबारच्या चाच्यांपासून राखण म्हणून पोर्तुगीज लढाऊ नावा गुजरातची व्यापारी गलबतं घोळक्याने गोव्यापर्यंत सोबत आणू लागल्या. या घोळक्याला त्यांनी शब्द वापरला काफिला. एकेका काफिल्यात दोन-दोनशे गलबतं असत. आणि त्या ‘चाच्यांपैकी’ बरेच जण असे होते, ज्यांचा मिरीचा धंदा कार्ताझने बुडवला होता.

मग सगळं सुरळीत चाललं का?

मुळीच नाही. शाळेच्या पुस्तकात ‘मक्तेदारी प्रस्थापित केली’ असं वाक्य येतं, त्यावर फार विश्वास ठेवू नका. पहिल्या तीस-चाळीस वर्षांत तांबड्या समुद्रातून युरोपला जाणारी मिरी खरंच आटली. पण मग सुमात्रातल्या आचेच्या जहाजांनी मलबारला टाळून मालदीवच्या बाजूने थेट तांबडा समुद्र गाठायला सुरुवात केली. १५६० च्या दशकापर्यंत व्हेनिसच्या बाजारात मिरी पुन्हा पूर्वीइतकी येऊ लागली होती. अरबी समुद्राला दारं लावणं म्हणजे चाळणीला टाळं लावण्यासारखं.

दुसरं भोक आतूनच पडलेलं. होर्मुझ किंवा दीवच्या किल्ल्याचा कप्तान साधारण तीन वर्षांसाठी नेमलेला असे, आणि तीन वर्षांत घर भरायचं हेच त्याचं ध्येय. तो स्वतः व्यापार करी, ओळखीच्यांना सोडी, मनाई केलेल्या मालाकडे बघून न बघितल्यासारखं करी. बड्या राजांशी तह करताना दरसाल अमुक इतके कार्ताझ फुकट, असं कलम पडे. त्यामुळे ज्याची बंदुकीची ताकद जास्त त्याला समुद्र स्वस्त.

हा डोलारा कसा डगमगता होता ते १६१३ मध्ये दिसलं. जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ नावाचं भलं मोठं जहाज, कार्ताझ असूनही, सुरतेजवळ पोर्तुगीजांनी पकडलं आणि उतारूंसकट गोव्याला नेलं. इंग्रजांना सुरतेत पाय रोवू दिल्याचा तो राग होता. पण दादाने एकदा हप्ता भरलेल्याचीच काच फोडली की हप्त्याला अर्थ काय राहिला? जहांगीरने दमणला वेढा घालायला लावलं, आग्र्याचं चर्च बंद केलं, आणि इंग्रजांना जवळ केलं.

समुद्र सगळ्यांचा, असं म्हणणारा वकील

१६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी खच्चून भरलेली. अॅमस्टरडॅमला लिलाव झाला तो तीस लाख गिल्डरांच्या वर. ही सरळ लूट होती, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काही भागधारकांनाही ती बोचत होती. म्हणून कंपनीने विशीतला एक हुशार वकील गाठला, ह्यूगो ग्रोशियस. त्याने युक्तिवाद लिहिला की समुद्र हवेसारखा आहे, तो कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यावर हक्क सांगणं हाच गुन्हा. त्यातला एक भाग १६०९ मध्ये पुस्तक म्हणून निघाला. आजच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यातलं ‘खुला समुद्र’ हे तत्त्व मागे नेत नेत आपण याच लिखाणापाशी पोचतो.

छान वाटतं ना ऐकायला? आता पुढचं ऐका. पोर्तुगीजांना हुसकावल्यावर डचांनी इंडोनेशियातल्या मसाल्याच्या बेटांवर स्वतःचा मक्ता बसवला आणि स्वतःचे परवाने काढले. जायफळ पिकवणाऱ्या बांदा बेटांनी इंग्रजांना माल विकला म्हणून १६२१ मध्ये कंपनीने तिथे कत्तल केली. सुमारे १५ हजारांच्या वस्तीतले हजारभरच बेटांवर उरले, असा अंदाज केला जातो. त्याआधी, १६१३ मध्ये, इंग्रज तक्रार घेऊन वाटाघाटीला बसले तेव्हा डचांच्या बाजूने बोलायला खुद्द ग्रोशियसच होता. इंग्रजांनी त्याचंच पुस्तक त्याच्यापुढे धरलं. त्याचं उत्तर असं की समुद्र खुला असतो, पण करार तो करार, आणि बेटवाल्यांनी आमच्याशी करार केलाय.

पोर्तुगीज राजाचं दुकान आणि डच-इंग्रज कंपन्यांची दुकानं यांत एक फरक मात्र खरा आहे. पोर्तुगीज कप्तान दुसऱ्याच्या व्यापारावर पट्टी लावून जगत होता. कंपन्यांनी व्यापार आणि तोफा एकाच हिशेबवहीत आणल्या. संरक्षणाचा खर्च यंदा किती, पुढच्या साली किती, हे आधी मांडता येऊ लागलं. व्यापाऱ्याला महागाई एक वेळ चालते, उद्याचा भरवसा नसणं चालत नाही.

कान्होजी आंग्रे चाचे होते का?

इंग्रजी कागदांत ते तसेच येतात, आणि इंग्रजीवरून आलेल्या लिखाणात अजूनही कधीकधी येतात. पण कार्ताझ समजला की हा आरोप फार वेगळा दिसतो.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला पहिली लढाऊ गलबतं बांधायला घेतली तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे वसईच्या कप्तानाने ओळखलं आणि त्यांना गुपचूप निघून जायला लावलं. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, हे सगळं स्वच्छ शब्दांत येतं: ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र. टोपीकर, म्हणजे युरोपीय, हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत; त्यांना समुद्राकाठी जागा देऊ नये, द्यायचीच तर काठापासून आत, सखल जागी द्यावी. बहादूरशहाच्या त्या वाक्याशेजारी हे ठेवून पाहा.

कान्होजींनी सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, या नात्याने पोर्तुगीजांचीच रीत त्यांच्यावर उलटवली. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचं दस्तक घ्यावं, नाहीतर जहाज जप्त. इंग्रज भडकले ते याने. १७१२ मध्ये कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नरचं छोटं जहाज पकडलं. त्या लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, आणि त्याच्या बायकोची सुटका ३० हजार रुपये भरून करावी लागली. पुढल्या वर्षी तह झाला की इंग्रजांच्या जहाजांना हात लावायचा नाही. मग भांडण सुरू झालं ते इंग्रजांचं जहाज म्हणजे कोणतं यावर. मुंबईकर इंग्रज देशी व्यापाऱ्यांना आपले परवाने देत आणि त्यांचा माल आपल्या छत्राखाली पाठवत. कान्होजींचं म्हणणं, कागद तुमचा असला तरी माल आमच्याकडच्या व्यापाऱ्याचा आहे, तेव्हा आमचं दस्तक लागेल.

१७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून आंग्र्यांच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला आणि हात हलवत परतले. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी या समुद्रात परवान्याची प्रथा आणली, ते आता दुसऱ्याचा परवाना नको म्हणून लढत होते. आंग्र्यांची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावरच्या गरीब गलबतवाल्याला पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी आणि आंग्रे अशा चौघांचेही कागद खिशात ठेवावे लागत असतील तर त्याच्या दृष्टीने चौघांत काय फरक? पण मग चाचा हा शब्द चौघांनाही लावा.

एवढं जुनं आज कशाला उकरायचं?

कारण तांबड्या समुद्रात २०२३-२४ साली काय झालं ते या कागदाशिवाय नीट कळत नाही. तिथे कोणी रांगेत उभं करून परवाने वाटत नव्हतं. पण कोणाचं जहाज कोणाचं मानायचं, हा आंग्रे-इंग्रजांचा जुना वाद जसाच्या तसा परत आला. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या देशाचे, माल चौथ्याचा आणि विमा लंडनचा. हल्लेखोर यातला कोणता धागा धरणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि विमेवाल्यांनी हीच अनिश्चितता हप्त्यात मोजून घेतली. तिची पावती सरतेशेवटी द्राक्षाच्या पेटीवर आली.

प्रत्येक मोठ्या जहाजावर एक यंत्र असतं. ते सतत रेडिओवरून सांगत राहतं: हे माझं नाव, मी इथे आहे, मी अमक्या बंदराला चाललोय. आजूबाजूच्या जहाजांना, बंदरांना आणि इंटरनेटवर बघणाऱ्या कोणालाही ते वाचता येतं. बंदराच्या नावासाठी त्यात वीस अक्षरांचा रकाना असतो. त्या दिवसांत तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जीव मुठीत धरून जाणाऱ्या काही जहाजांनी तिथे बंदराचं नाव लिहिलंच नाही. कोणी लिहिलं, इस्रायलशी संबंध नाही. कोणी लिहिलं, सगळे खलाशी चिनी.